‘हिटलरचे विमान’ आणि प्रदर्शनीतल्या प्रतिकृती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनीच्या बातमीसोबत आपण थर्माकोलच्या एका विमानाचे छायाचित्र छापले आणि खाली ओळ दिली, ‘हिटलरचे विमान’. मुलाची मेहनत छायाचित्रातही दिसते, तिला नावे ठेवायची नाहीत. पण त्या विमानाच्या पंखांची टोके गोल आहेत, शेपटीच्या आडव्या पंखांना खालून तिरक्या दांड्यांचा आधार आहे, पुढे चार पात्यांचा पंखा आहे आणि शेपटीवर पूजेच्या चौरंगावर काढतात तसे चार ठिपक्यांचे सरळ स्वस्तिक आहे. असे विमान जर्मन हवाई दलाकडे नव्हते. हिटलरही लढाऊ विमानातून फिरत नसे; त्याच्या प्रवासाला युंकर्स ५२ आणि पुढे फोक-वुल्फ २०० काँडोर ही मोठी विमाने असत. मुलाच्या मनात होते ते बहुधा मेसरश्मिट बीएफ १०९ हे जर्मन लढाऊ विमान. परीक्षकांपैकी कुणी त्याला ‘हे कोणत्या प्रकारचे, कोणत्या महिन्यातले, आणि तुला कशावरून कळले?’ एवढे विचारले असते, तरी पुढच्या वर्षी त्याचे काम कितीतरी वर गेले असते.

विमानाची प्रतिकृती निम्मी वहीत होते आणि निम्मी टेबलावर. आपल्याकडच्या प्रदर्शनीत वहीतली बाजू कुणी मागत नाही, म्हणून मुले ती करत नाहीत. ती कशी करायची आणि पुढे टेबलावर काय काय बिघडते, हे आपल्या भागातल्या शाळांना आणि हौशी मंडळींना उपयोगी पडावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

बीएफ १०९ पहिल्यांदा उडाले मे १९३५ मध्ये, तेही रोल्स-रॉईसचे ब्रिटिश इंजिन बसवून, कारण जर्मन इंजिन तयार नव्हते. त्यानंतर १९४५ पर्यंत तेहतीस हजारांहून अधिक विमाने बनली आणि बी पासून के पर्यंत प्रकार निघाले. त्यामुळे नुसते ‘१०९’ म्हटल्याने काहीच ठरत नाही. ई प्रकाराच्या पंखांची टोके चौकोनी आणि शेपटीला आधाराच्या दांड्या. एफ पासून टोके गोल झाली आणि दांड्या गेल्या. म्हणजे गोल टोके आणि दांड्या एकत्र दिसल्या, की दोन वेगवेगळ्या छायाचित्रांवरून काम झाले आहे हे ओळखावे. पाती मात्र ई, एफ, जी, के सगळ्यांना तीनच.

नवख्याने ई प्रकार घ्यावा असे आमचे मत आहे. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर झालेल्या हवाई लढाईतले हे विमान. माहिती भरपूर, किट सहज मिळते आणि जी प्रकारासारखे फुगवटे, निरनिराळ्या उंचीच्या शेपट्या, बदलत्या कॅनोपी (वैमानिकावरची काचेची झाकणे) यांचे जंजाळ नाही. तरी ई-३ आणि ई-४ मध्ये लोक फसतात. ई-३ ची कॅनोपी गोलसर, ई-४ ची सपाट काचांची आणि जाड चौकटीची, असे सर्रास सांगितले जाते. खरा फरक पंखातल्या तोफेत आहे: ई-३ ला एमजी एफएफ, ई-४ ला सुधारित एमजी एफएफ/एम. ही तोफ बाहेरून तशीच दिसते. नवी कॅनोपी जुन्या विमानांवरही बसवली गेली, म्हणून केवळ कॅनोपी बघून प्रकार ठरवू नये. कारखाना क्रमांक कळला तर उत्तम.

म्हणूनच पहिले काम म्हणजे एकच विमान, शक्यतो एकाच दिवसाचे, निवडणे. उदाहरण म्हणून फ्रान्झ फॉन वेर्रा या वैमानिकाचे ई-४ घ्या, कारखाना क्रमांक १४८०. जेजी ३ या लढाऊ विमानदलातल्या दुसऱ्या ग्रुपेचा (तुकडीचा) हा अधिकारी ५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात मार्डनजवळ एका शेतात चाके बाहेर न काढता पोटावर उतरला. (पुढे कॅनडात नेत असताना तो कैदेतून निसटून जर्मनीला पोचला, ती कथा वेगळीच.) विमान बऱ्यापैकी धड अवस्थेत ब्रिटिशांच्या हाती लागले, त्याची तपासणी झाली, छायाचित्रे निघाली. शत्रूच्या हाती लागलेली विमाने अभ्यासाला सर्वांत सोयीची. तारीख पक्की, जागा पक्की, क्रमांक पक्का, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळण्याचा संभव जास्त. उलट एखाद्या नामांकित वैमानिकाच्या विमानाचे रंगीत चित्र कुठेही सापडते, पण ते कुण्या चित्रकाराने एका बाजूच्या छायाचित्रावरून काढलेले असते आणि दुसरी बाजू त्याच्या अंदाजाची.

विमानावरच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. एका गेश्वाडरमध्ये (जेजी ३ सारख्या दलात) साधारण तीन ग्रुपे, एका ग्रुपेत तीन स्टाफेल, म्हणजे लहान तुकड्या. पहिल्या, चौथ्या, सातव्या स्टाफेलचे आकडे पांढरे. दुसऱ्या, पाचव्या, आठव्याचे लाल किंवा काळे. तिसऱ्या, सहाव्या, नवव्याचे पिवळे. धडावरच्या जर्मन क्रूसाच्या मागे काही नसेल तर पहिली ग्रुपे, आडवी पट्टी असेल तर दुसरी, नागमोडी रेघ किंवा उभी पट्टी असेल तर तिसरी. आकड्याऐवजी बाणासारखे टोक असेल तर ते ग्रुपेच्या किंवा गेश्वाडरच्या मुख्यालयाचे विमान. फॉन वेर्राच्या विमानावर बाण आणि आडवी पट्टी दोन्ही होते. एवढे पाठ झाले, की चुकीच्या छायाचित्रओळी आपोआप उघड्या पडतात: खाली लिहिले असते ‘तिसरी स्टाफेल’ आणि आकडा ढळढळीत पांढरा.

कृष्णधवल छायाचित्रातून रंग ओळखणे हा खरा घोळ. त्या काळी दोन प्रकारची फिल्म चाले. एका प्रकारात, म्हणजे ऑर्थोक्रोमॅटिकमध्ये, पिवळा रंग गडद येतो, लाल जवळजवळ काळा येतो आणि फिकट निळा पांढऱ्याच्या जवळ जातो. पॅनक्रोमॅटिकमध्ये पिवळा बराच उजळ येतो. ऑगस्ट १९४० पासून या विमानांची नाके, शेपटीचे सुकाणू, पंखांची टोके ओळखीसाठी पिवळी किंवा पांढरी रंगवू लागले. तेव्हा छायाचित्रात नाक गडद दिसले म्हणून ‘लाल’ ठरवून टाकू नका. त्याच छायाचित्रात रंग ठाऊक असलेली दुसरी वस्तू शोधा. क्रूसाची पांढरी कड आणि नाक एकसारखे उजळ असतील तर नाक बहुधा पांढरे; कडेपेक्षा नाक एक छटा मळकट असेल तर पिवळ्याची शक्यता. काय ठरवले आणि का, ते वहीत लिहावे. पुढे चांगले छायाचित्र मिळाले तर मत बदलता येते.

संग्रहालयातल्या विमानांचा उपयोग आकारासाठी करावा, रंगासाठी जपून. म्युनिकच्या डॉयचेस म्युझियममध्ये ई-३ आहे, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे ४१०१ क्रमांकाचे ई-३ आहे, जे २७ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडमधल्या मॅन्स्टनला उतरले होते. रिव्हेटच्या ओळी, चाकांच्या पायांचा कोन, कॉकपिटमधल्या वस्तूंच्या जागा यासाठी यांची छायाचित्रे सोन्यासारखी. पण अशी विमाने पुढे पुन्हा रंगवली गेलेली असतात, सुटे भागही बदललेले असतात. आणखी एक फसवणूक स्पेनमध्ये बनलेल्या हिस्पानो विमानाची. सांगाडा १०९ चा, पण इंजिन रोल्स-रॉईस मर्लिन. युद्धपटांत जर्मन रंग फासून हीच उडवली गेली आणि मोबाइलवर ‘१०९’ शोधले की यांचीच चित्रे पुढे येतात. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या ई मध्ये डीबी ६०१ हे उलटे बसवलेले बारा सिलिंडरांचे इंजिन, म्हणून धुराच्या सहा-सहा नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला. मर्लिन सुलटे, म्हणून नळ्या वर, हनुवटी फुगलेली आणि पाती चार. छापलेल्या छायाचित्रातल्या चार पात्यांचा उगम आम्हाला तरी इथेच वाटतो.

किट हातात आले की आधी पट्टी लावा. ई चा पंखविस्तार ९.८७ मीटर. १/७२ मापात तो १३.७ सें.मी., १/४८ मध्ये २०.६ सें.मी. आणि १/३२ मध्ये ३०.८ सें.मी. भरला पाहिजे. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालते. डब्यावर छापलेल्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काही वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या युरोपीय कंपनीचे १/४८ चे जी-६ मापाला मोठे निघाले आणि तिला साचा नव्याने करावा लागला. पहिल्यांदा करणाऱ्याने १/७२ घ्यावे की १/४८? पैशाला १/७२ स्वस्त, पण कॉकपिट आणि चाके इतकी बारीक की नवखा हात हैराण होतो. खिसा परवानगी देत असेल तर १/४८.

आता आपल्या हवेबद्दल, कारण परदेशी पुस्तकांत हे नसते. नवतपाच्या दिवसांत टिनाच्या छपराखाली किट ठेवले तर पातळ भाग, विशेषतः पंखांच्या मागच्या कडा, वाकड्या होतात. डबा घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी, जमिनीलगत ठेवावा. वाकलेला भाग कोमट-गरम पाण्यात बुडवून हळूहळू सरळ करता येतो. उकळते पाणी नको, भाग कायमचा मुरडतो. उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकाशीच वाळतो आणि रंगाऐवजी भुकटी उडते. रंगात रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घालावेत, सकाळी आठच्या आत काम उरकावे. कूलर चालू असलेल्या खोलीत लॅकर किंवा क्लिअर कोट मुळीच मारू नये. ताटीतून येणारी हवा दमट असते, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि चकाकीच्या जागी दुधाळ पांढरी झाक उरते. पावसाळ्यात हेच होते, शिवाय कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचून रंगावर थेंब उडतात. पाणी अडवणारा ट्रॅप लावल्याशिवाय जुलै-ऑगस्टमध्ये एअरब्रश हातात धरू नये. कापूस निघायच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी ओला रंग उघडा ठेवू नये. एक तंतू चिकटला की १/४८ मध्ये तो दोरखंडाएवढा दिसतो. रंग मारून झाला की वर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून एका बाजूचा एक थर एका दमात होईल एवढाच रंग पातळ करावा.

सामानाचे म्हणाल तर निपर, धारदार चाकू, ४०० ते १००० नंबरचा वॉटर पेपर, चिमटा आणि प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट एवढे बाहेरून मागवले की बाकी गावात मिळते. भाग स्प्रूवर (ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुवावेत, साच्याचे तेल गेले नाही तर रंग सोलून निघतो. फेविक्विक धातूचे किंवा जाड भाग जोडायला ठीक, पण काचेच्या भागाजवळ नको: त्याच्या वाफेने कॅनोपी आतून धुरकट होते. कॅनोपीला फेविकॉल. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या कापडाने पुसता येतो. गॅरेजमधली एन.सी. पुट्टी फटी भरायला चालते, मात्र पातळ थरातच; तिच्यातले थिनर पॉलिस्टायरीन विरघळवते आणि जाड थर लावला तर काही दिवसांनी तिथे खड्डा पडतो. नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन किंवा नुसते एन.सी. थिनर प्लॅस्टिकला लागले तर भाग गेलाच समजा. गाडीच्या टचअपचा स्प्रेही आधी उरलेल्या स्प्रूवर मारून बघावा.

जोडणी कॉकपिटपासून. १९४० च्या ई मध्ये आतला रंग आरएलएम (जर्मन हवाई मंत्रालयाचा रंगक्रमांक) ०२, म्हणजे हिरवट झाक असलेला करडा. नंतरच्या विमानांत आढळणारा काळपट करडा ६६ इथे सगळीकडे फासू नये. किटमध्ये पट्टे नसतील तर मास्किंग टेपच्या पट्ट्या कापाव्यात. खरा पट्टा चार सें.मी. रुंद धरला तर १/४८ मध्ये ०.८ मि.मी. दोन खांद्याचे, दोन कमरेचे.

धडाचे दोन भाग चिकटवल्यावर मधली शीव घासून पूर्ण नाहीशी करायची, हा सर्वसाधारण नियम. १०९ मध्ये जरा थांबा. खऱ्या विमानाचे कॉकपिटमागचे धडही डावे-उजवे असे दोन अर्ध बनवून पाठीवर आणि पोटाखाली जोडले जाई, त्यामुळे तिथे सरळ बारीक रेघ असणेच बरोबर. फट भरावी, घासावी आणि मग सुईने पट्टीच्या आधाराने तीच रेघ पुन्हा ओढावी. इंजिनाच्या झाकणावर मात्र किटची शीव चालत नाही, तिथल्या पत्र्यांचे सांधे वेगळे आहेत.

पंख जोडताना टोकांचा चढ बघा. १०९ चे पंख मुळापासून साधारण साडेसहा अंश वर उचललेले असतात. १/४८ मध्ये टोक मुळापेक्षा सुमारे एक सें.मी. वर यावे, १/७२ मध्ये सात मि.मी. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे खडूचे तुकडे ठेवून रात्रभर वाळू द्यावे. मुळाशी फट राहिली तर पुट्टी भरण्याआधी धडात आडवी स्प्रूची काडी बसवून धड किंचित फाकवावे, फट आपोआप मिटते.

पंखांच्या पुढच्या कडेला टोकाकडे स्लॅट, म्हणजे सरकत्या पट्ट्या, असतात. वेग कमी झाला आणि पंख वर कलला की हवेच्या दाबातल्या फरकाने ते आपोआप बाहेर येतात, पंखावरचा प्रवाह तुटू देत नाहीत. वैमानिकाला कळ दाबावी लागत नाही. उभ्या विमानाचे स्लॅट पुष्कळदा बाहेर आलेले दिसतात. खरे म्हणजे विज्ञान प्रदर्शनीत दाखवण्यासारखी वस्तू हीच. ई मध्ये आणखी एक खुबी होती. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप (उतरताना खाली करायच्या झडपा) खाली केले की टोकाकडचे एलेरॉनही (विमान कलवणाऱ्या झडपा) थोडे खाली झुकत. बाजारातल्या कित्येक तयार प्रतिकृतींत फ्लॅप पूर्ण खाली आणि एलेरॉन सरळ, असे दिसते. ते ई मध्ये चूक. इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्यामुळे नाक एकदम खाली दाबले तरी इंजिन खोकत नसे. ब्रिटिश विमानांतले कार्बोरेटरवाले मर्लिन अशा वेळी अडखळे, आणि १९४१ मध्ये बिट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी नळीत भोकाची एक छोटी चकती बसवून त्यावर तोडगा काढला. एका ओळीचा फलक लावून हे सांगता येते.

चाकांच्या पायांनी सर्वाधिक प्रतिकृती बिघडतात. १०९ चे पाय पंखाला नव्हे, धडाला जोडलेले. मुळाशी जवळजवळ आणि खाली जाताना बाहेर फाकलेले. नवखे ते सरळ उभे लावतात. समोरून घेतलेले छायाचित्र मापात छापून घ्या, त्यावरून पुठ्ठ्यात खाच कापा, पाय त्या खाचेत टेकवून सिमेंट पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका.

रंगाचे नियम तारखेनुसार बदलतात. १९३९ अखेरपर्यंत वरून ७० आणि ७१ हे दोन गडद हिरवे, खालून फिकट निळा ६५. १९३९-४० च्या हिवाळ्यात वर ७१ आणि ०२ आले आणि निळा रंग बाजूंनी वर चढला. उन्हाळ्यात त्या उजळ बाजू फारच उठून दिसू लागल्यावर तळावरच्या लोकांनी त्यावर हिरवे-करडे डाग फवारले. ७४, ७५, ७६ हे करडे रंग १९४१ चे. सप्टेंबर १९४० च्या विमानावर दिसले तर ते चूक. तयार रंग मिळाले नाहीत तर कॅम्लिनच्या ॲक्रिलिकमधून जमते: ६५ साठी पांढऱ्यात निळ्याचा थोडा अंश आणि हिरव्याचा एखादा थेंब, ०२ साठी करड्यात यलो ओकर आणि चिमूटभर हिरवा. सगळे रंग पांढऱ्याने किंचित उजळ करावेत, लहान वस्तूवर मूळ छटा गडद भासते. प्रोपेलरची पाती ७० च्या काळपट हिरव्यात.

क्रम असा: आधी पिवळ्याखाली पांढरा, मग पिवळा, तो झाकून ६५, मग ०२, त्यावर टेप लावून ७१. हार्डवेअरचा मास्किंग टेप फार चिकट असतो. आधी कापडावर दोन-तीनदा चिकटवून त्याचा जोर कमी करावा आणि मे महिन्यात टेप रात्रभर ठेवू नये, गोंद रंगात उतरतो. एअरब्रशच्या हवेचा दाब पंधरा ते वीस पीएसआय, रंग आणि थिनर निम्मेनिम्मे. बाजूंचे डाग दहा-बारा पीएसआयवर, थिनर दुप्पट, टोक अगदी जवळ. खऱ्या विमानावर वीतभर डाग धरला तर १/४८ मध्ये तो चार-पाच मि.मी. होतो, नखाएवढा डाग पडला की प्रतिकृती फसली. एअरब्रश नसेल तर जवळजवळ कोरड्या ब्रशने, पातळ रंगात, अनेक थरांनी टिपून हे साधते. वेळ लागतो, पण साधते.

डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) चमकत्या पृष्ठभागावरच बसतात. मॅट रंगावर लावले तर खाली हवा अडकून कडेने चांदीसारखी झाक येते. म्हणून आधी ग्लॉस, मग डिकॅल, शेवटी मॅट. आपल्या बोअरचे पाणी जड. वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग सोडते. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी वापरावे. वळणावर बसत नसेल तर पांढरे व्हिनेगर ब्रशने लावावे. पिवळी पडलेली जुनी शीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळ उजळते. बारीक खुणाही तपासा: पेट्रोलच्या पिवळ्या त्रिकोणात साध्या ई-४ ला ८७ हा आकडा, पण डीबी ६०१एन इंजिनाच्या ई-४/एन ला १०० ऑक्टेन लागे. आडॉल्फ गालांड या नामांकित जर्मन वैमानिकाचे ५८१९ क्रमांकाचे विमान ई-४/एन होते; तिथे ८७ लावला तर जाणकार लगेच बोट ठेवेल.

मळ आणि झीज बेतानेच. १९४० मधल्या लढाईत ही विमाने फार काळ टिकत नसत, जुनाट दिसायला वेळच मिळत नसे. कॅनोपी उजवीकडे उघडते, म्हणून वैमानिक आणि मेकॅनिक चढत डावीकडून. रंग उडालेला दाखवायचा तो डाव्या पंखाच्या मुळाशी. धुराच्या नळ्यांची काजळी पंखाच्या मुळावरून मागे ओढलेली.

शेपटीवरच्या चिन्हाबद्दल स्पष्टच लिहितो. नाझी चिन्ह पंचेचाळीस अंशांत तिरके असते, त्यात ठिपके नसतात. १९३९ पर्यंत ते सुकाणूच्या सांध्यावर येई, १९४० मध्ये पुढच्या स्थिर भागावर सरकले. जर्मनीत त्याच्या प्रदर्शनावर कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून अनेक किटमध्ये ते नसते किंवा दोन तुकड्यांत छापलेले असते. शाळेच्या टेबलावर ते न लावलेले बरे, असे आमचे मत. जागा रिकामी ठेवून वहीत कारण लिहावे. लावायचेच असेल तर शेजारी फलक हवा, आणि त्यात हेही हवे की युद्धाच्या उत्तरार्धात फ्लोसेनबुर्ग आणि माउटहाउझेन-गुझेन इथल्या छळछावण्यांतल्या कैद्यांकडून मेसरश्मिट विमानांचे भाग करवून घेतले जात. याच विमानांशी लढलेल्यांत आपली माणसेही होती; १९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या चोवीस भारतीय वैमानिकांपैकी महिंदरसिंग पुज्जी हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानातून लढले. दिल्लीच्या पालम इथल्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन उभे आहे. १०९ शेजारी त्याच मापाचे हरिकेन ठेवणारी शाळा आम्हाला बघायला आवडेल.

किट परवडत नाही म्हणून कुणी थर्माकोलकडे वळू नये. त्याला कड धरत नाही आणि स्प्रेने ते विरघळते. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळांकडून विमाने ओळखण्याच्या सरावासाठी पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या, १/७२ मापाच्या, काळ्या रंगाच्या. आपल्याकडे काटेसावरीचे लाकूड हलके आणि मऊ, सुतार फळी कापून देतो. धडासाठी १३ × ३ × २ सें.मी. चा ठोकळा, पंखांसाठी पाच मि.मी. जाडीची फळी. बाजूचा आणि वरचा नकाशा १/७२ मध्ये छापून फेविकॉलने चिकटवावा, आधी बाजूने कापावे, मग वरून. जाड पुठ्ठ्यात धडाचे तीन-चार ठिकाणचे छेद कापून त्या खाचा लावत लावत घासावे. मग सँडिंग सीलरचे दोन-तीन थर. लाकडाला एन.सी. रंग बेलाशक चालतो. पाचवीतला मुलगा चाके आणि कॅनोपी सोडून एवढे करू शकतो, आणि बाह्याकृती अचूक असली तर ते थर्माकोलच्या फूटभर विमानापेक्षा दहापट मोलाचे.

प्रदर्शनीच्या आयोजकांना विनंती एवढीच, की प्रतिकृतीसोबत नोंदवही अनिवार्य करावी आणि तिला निम्मे गुण ठेवावेत. विमानाचा पूर्ण प्रकार, तारीख, माप, कोणत्या छायाचित्रांवरून काम केले, कुठे अंदाज केला. परीक्षकाने सोबत पट्टी आणावी आणि पंखविस्तार मोजावा. आणि आपल्या वार्ताहरांनी छायाचित्रओळ लिहिताना मुलाला विमानाचे नाव विचारावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने न्यायचे असेल तर ॲंटेनाची तार, शेपटीच्या दांड्या आणि कॅनोपी आधी लावू नयेत. मेणबत्तीवर तापवून ताणलेल्या स्प्रूची तार जाग्यावर पोचल्यावर दोन मिनिटांत लागते. विमान खोक्यात चाकांवर ठेवू नये. पंखांच्या मुळाखाली फोमचे दोन ठोकळे द्यावेत, चाके अधांतरी राहू द्यावीत, आणि खोके टपावर न टाकता मांडीवर घ्यावे.

आपले,
वरोरा तालुक्यातील काही प्रतिकृतीकार
(जि. चंद्रपूर)